छोट्या सोसायटीत घर घेताय? आधी भागाकार करा

या वेळी घरखरेदीबद्दल जी पत्रं आणि मेल आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच प्रकारच्या घराबद्दल आहेत, म्हणजे आतल्या गल्लीतली दहा-बारा फ्लॅटची जुनी बिल्डिंग, नाहीतर छोटी कॉलनी, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. मी स्वतः अशाच १२ फ्लॅटच्या सोसायटीत वीसेक वर्षं राहतेय, त्यातली अकरा वर्षं खजिनदार होते, त्यामुळे या अंकात फक्त याच पत्रांना उत्तरं देतेय. नावं आणि गावं मुद्दाम काढून टाकलीत.

प्रश्न : आम्ही एक रीसेल फ्लॅट बघितलाय. १९९४ ची बिल्डिंग, तीन मजले, १२ फ्लॅट, गल्ली शांत आहे, मुलीला खाली खेळता येईल, आम्हाला दोघांनाही घर मनापासून आवडलंय. फक्त कन्व्हेयन्स झालेलं नाही. एजंट म्हणतो जुन्या सोसायट्यांत कुणाचंच झालेलं नसतं, काही फरक पडत नाही. खरंच पडत नाही का?

पडतो. आणि एजंटचं पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं असलं तरी त्यावरून दुसरं खरं ठरत नाही.

कन्व्हेयन्स नाही म्हणजे काय, तर भिंती तुमच्या, फ्लॅट तुमचा, शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर, पण बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती कागदावर अजून बिल्डरच्या नाहीतर मूळ मालकाच्या नावावर. १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, आणि त्याचे नियम सांगतात की करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी रजिस्टर झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची. प्रत्यक्षात कितीतरी बिल्डरांनी ती दिली नाही, कारण जमीन त्यांच्या नावावर राहिली की पुढे वाढीव एफएसआयवर, म्हणजे त्या जमिनीवर जास्तीचं बांधकाम करायच्या परवानगीवर, हक्क सांगायला जागा राहते. तोपर्यंत सोसायटीचं दैनंदिन काम काही अडत नाही म्हणून सभासदही झोपून राहतात, आणि मग तीस-पस्तीस वर्षांनी रीडेव्हलपमेंटचा विषय निघाला की सगळे जागे होतात, तेव्हा कळतं की मूळ मालक वारलेत आणि वारस सतरा ठिकाणी आहेत.

यावर उपाय आहे. २००८ च्या दुरुस्तीने डीम्ड कन्व्हेयन्सची सोय झाली, सरकारी भाषेत मानीव अभिहस्तांतरण. बिल्डर सही देत नसेल तर सोसायटीने सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, ते बिल्डरला आणि मालकाला नोटीस काढून सुनावणी घेतात आणि कागद नीट असतील तर त्यांच्या सहीशिवाय आदेश मिळतो. मग दस्त रजिस्टर करायचा आणि प्रॉपर्टी कार्डवर किंवा सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव लावून घ्यायचं. ही शेवटची पायरी बऱ्याच सोसायट्या विसरतात बरं का, आदेशाची फाईल कपाटात ठेवून देतात आणि काम झालं असं समजतात.

आमच्या बिल्डिंगचं काम दोन वर्षं चाललं. कायद्यात अडचण नव्हती, अडचण कागद गोळा करण्यात होती. एकाचं मूळ ॲग्रीमेंट गहाळ होतं, ते शेवटी सब-रजिस्ट्रारकडून सर्टिफाईड कॉपी काढून मिळालं, एक फ्लॅट वर्षानुवर्षं बंद, एकाकडे भावाभावांचं भांडण. मोठ्या सोसायटीत दहा माणसं मागं पडली तरी काम करणारी वीस निघतात, १२ फ्लॅटमध्ये जेमतेम दोन निघतात, आणि नव्याने आलेला उत्साही माणूस हा बहुतेकदा त्यातला एक असतो. म्हणजे तुम्ही.

तेव्हा सेक्रेटरींना सरळ विचारा: कन्व्हेयन्सचा ठराव झालाय का, अर्ज गेलाय का, नंबर काय, पाठपुरावा कोण करतंय. उत्तर नीट मिळालं तर मी खुशाल पुढे जा म्हणेन. कुणी काहीच सुरू केलं नसेल तरी घर सोडाच असं मी म्हणणार नाही, पण किमतीवर बोलताना हा मुद्दा टेबलावर ठेवा, तो हक्काने ठेवण्यासारखा आहे. आणि टोकन द्यायच्या आधी कागदांची साखळी बघा, बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेलं ॲग्रीमेंट, तिथून आजच्या मालकापर्यंतचा प्रत्येक रजिस्टर्ड दस्त आणि त्याचा इंडेक्स टू म्हणजे सरकारी नोंदणीचा उतारा, शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला झालेल्या नोंदी, आणि भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी. यातला मधला एक जरी दुवा गायब असेल तर बँक अडवणार, आणि बँकेने अडवलेलं बरं, कारण उद्या तुमचा खरेदीदार तिथेच अडेल.

प्रश्न : मेंटेनन्स महिन्याला फक्त ९०० रुपये आहे! आत्ता राहतो त्या टॉवरमध्ये भाडेकरू असूनही घरमालक आम्हाला रोज मेंटेनन्सचं रडगाणं ऐकवतात. छोटी सोसायटी म्हणजे खर्च कमी, बरोबर ना?

रोजचा खर्च कमी, हो. लिफ्ट नाही, जनरेटर नाही, क्लब हाऊस नाही. पण मोठा खर्च आला की तो भागायला माणसं थोडी असतात, आणि हेच लोक घर घेताना बघत नाहीत.

हिशोब करून दाखवते. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठी सरकारने घालून दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे, सिंकिंग फंड म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. समजा १९९४ ला फ्लॅटचा बांधकाम खर्च ३ लाख धरला होता. म्हणजे सिंकिंग फंड वर्षाला ७५० रुपये, १२ फ्लॅटचे ९,०००, तीस वर्षांत २ लाख ७० हजार आणि वर व्याज. आता समजा गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचं प्लास्टर, पाईप आणि रंग मिळून १५ लाखांचं काम निघालं. भागिले १२ म्हणजे घरटी सव्वा लाख. तीन जणांनी हात वर केले तर भागिले ९, म्हणजे १ लाख ६६ हजार. हेच काम १२० फ्लॅटमध्ये दहापट निघालं तरी तिथे तीन जण अडले तर कुणाला जाणवतही नाही.

टक्केवारी किमान आहे आणि ती जुन्या बांधकाम खर्चावर आहे हे लक्षात घ्या, त्यामुळे नियमाप्रमाणे प्रामाणिकपणे पैसे जमवणारी सोसायटीही मागं पडतेच, आणि ९०० रुपयांत सफाई, लाईट, पंप, पाणी सगळं बसवणाऱ्या सोसायटीने हे दोन फंड गोळा केलेत का हीच मला शंका आहे. मी खजिनदार होते तेव्हा महिन्याला ३०० रुपये वाढवायला मला तीन सर्वसाधारण सभा लागल्या. चांगली माणसं होती सगळी, पण पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला आजचे ३०० दिसतात, दहा वर्षांनंतरचे सव्वा लाख दिसत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

मागायचं काय, तर शेवटच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट. उपविधीत १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या बिल्डिंगचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. तुम्ही अजून सभासद नाही, त्यामुळे कमिटी तुम्हाला कागद दाखवायला बांधील नाही, पण विकणारा सभासद आहे ना, त्याला कागद बघायचा आणि फी भरून नक्कल घ्यायचा हक्क आहे. त्याच्यामार्फत मागा. विकणारा एवढंही करायला तयार नसेल तर तिथेच थोडं थांबून विचार करा.

अजून एक. बिल्डिंग सोसायटी आहे की अपार्टमेंट हे विचारून घ्या, पाटीवर काहीही लिहिलेलं असू दे. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं, १९७० च्या कायद्याखालच्या अपार्टमेंटमध्ये खर्च तुमच्या अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे जमिनीतल्या आणि सामाईक जागेतल्या वाट्याच्या, प्रमाणात येतो. मोठा फ्लॅट घेणाऱ्याला हा फरक दर महिन्याला जाणवतो.

प्रश्न : फ्लॅट नावावर करताना कमिटी १ लाख रुपये "स्वेच्छा देणगी" मागतेय. बिल्डिंगला रंग द्यायचाय म्हणतात. विकणारा म्हणतो अर्धे अर्धे करू. द्यावे का?

देऊ नका. ९ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने ट्रान्सफर प्रीमियमला, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते त्या रकमेला, कमाल मर्यादा घातलीय, महापालिका हद्दीत २५ हजार, नगरपालिका आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत त्याहून कमी, आणि देणगी, विकास निधी असल्या कुठल्याही नावाने त्यावर पैसे मागता येत नाहीत. शिवाय ५०० रुपये ट्रान्सफर फी आणि १०० रुपये प्रवेश फी, बस. आदर्श उपविधीत तर स्पष्ट आहे की शेअर ट्रान्सफरला सोसायटीच्या एनओसीची गरजच नाही, बँक मागते म्हणून आपण ती मागतो, आणि मागितली की कमिटीने एका महिन्यात त्यावर निर्णय घ्यायचा असतो.

कायदा इतका सरळ आहे, तरी मला माहितीय की तुमची अडचण कायद्याची नाही. उद्या त्याच अकरा घरांच्या मध्ये राहायचंय, पहिल्याच दिवशी उपनिबंधकांच्या ऑफिसचं नाव काढलं तर जिन्यात कुणी बोलणार नाही ही भीती आहे. माझा अनुभव असा की लेखी पण गोड भाषेत विचारलं तर बहुतेक कमिट्या मागे येतात. दोन ओळींचं पत्र द्या, "नियमाप्रमाणे होणारा प्रीमियम भरायला आम्ही तयार आहोत, कृपया रक्कम लेखी कळवावी आणि पावती द्यावी." एक लाखाचा आकडा लेखी द्यायला सहसा कुणी धजत नाही. आणि सभासद झाल्यावर रंगाच्या खर्चाचा ठराव सभेत आला की तुमचा बारावा हिस्सा सगळ्यात आधी भरा, त्याने जी जागा तयार होते ती देणगीने कधीच होत नाही. आमच्याकडे एका कुटुंबाने नेमकं हेच केलं होतं आणि दोन वर्षांत ते गृहस्थ सेक्रेटरी झाले.

प्रश्न : मी एकटी राहणारी ३६ वर्षांची बाई. सेक्रेटरी काका म्हणाले "आमच्याकडे सगळे फॅमिलीवाले आहेत, सभासद काय म्हणतील बघावं लागेल." मला नाकारता येतं का?

नाही येत. तुम्ही कायद्याने पात्र असाल तर पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि एकटं राहणं हे कारण नाही. पूर्ण कागदांसह अर्ज द्या, पोच घ्या, तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सभासदत्व मिळालं असं कायदा धरतो. घर फक्त तुमच्या नावावर घेत असाल तर महाराष्ट्रात २०२१ पासून महिलांना राहत्या घराच्या स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे, ती घ्यायला विसरू नका, कितीतरी जणींना दस्त झाल्यावर कळतं.

काका तोंडावर असं म्हणाले हे वाचून मला फार वाईट वाटलं. पण एका माणसाच्या बोलण्यावरून बिल्डिंग सोडू नका, आधी बाकीच्या दोन-तीन घरांत जाऊन बसा, विशेषतः तुमच्या मजल्यावरच्या आणि खालच्या. शेजार त्यांचा आहे, सेक्रेटरी दर पाच वर्षांनी बदलू शकतो.

प्रश्न : शहराच्या कडेला एक छोटी कॉलनी आहे, ४० एक घरं. एक गुंठा जागा आणि त्यावर बांधलेलं दोन खोल्यांचं घर मिळतंय. सातबाऱ्यावर आमचं नाव बाकी मालकांबरोबर लागेल म्हणतात. सगळे असंच राहतात. घ्यावं का?

इथे मात्र माझा सूर बदलतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि असे तुकडे पाडून विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने बंधनं आणली. लोकांनी तरी घेतले कारण परवडणारं दुसरं काही नव्हतं, आणि सातबारा सामाईक राहिला. सामाईक म्हणजे तुमचा तुकडा कुठून कुठपर्यंत हे कागद सांगत नाही, ते फक्त तिथली माणसं सांगतात. ती माणसं आहेत तोपर्यंत ठीक, त्यांच्या पुढच्या पिढीत एकाने जरी वाटपाचा दावा लावला की सगळी चाळीस घरं कोर्टात.

अशी वस्ती नियमित करायला २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना संधी दिली, आणि तुकडेबंदीचे नियमही अलीकडे सैल होत चाललेत. म्हणून माझं उत्तर सरसकट नाही असं नाहीये. या घराला गुंठेवारीचं नियमितीकरण प्रमाणपत्र मिळालंय का, एवढं एक विचारा. मिळालं असेल तर प्रमाणपत्र आणि त्यासोबतचा नकाशा घेऊन महापालिकेत जाऊन खात्री करा, नकाशातला रस्ता आणि जागेवरचा रस्ता एकच आहे का तेही चालत जाऊन बघा. "होऊन जाईल" असं उत्तर आलं तर होऊ द्या, मग घ्या. नोटरीवर किंवा शंभराच्या स्टॅम्पपेपरवर व्यवहार करू असं म्हणाले तर तिथून उठा, आयुष्यभराची कमाई अशा कागदावर ठेवायची नसते.

प्रश्न : विकणारा म्हणतो स्टिल्टमधलं, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधलं, पार्किंग "फ्लॅटबरोबर विकत" देतो, त्याचे वेगळे ३ लाख. ठीक आहे का?

नाही. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच स्पष्ट केलंय, आणि सोसायटीने वाटून दिलेली जागा सभासदालाही विकता येत नाही, ती सोसायटीची असते. सोसायटीकडून लेखी घ्या की तुम्हाला जागा मिळेल का आणि कशी. ८ जागा आणि १२ फ्लॅट असतील तर चिठ्ठ्या टाकून फिरत्या पद्धतीने द्यावी लागते.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी हौसेने इथे घर घेतलं. गेलं दीड वर्ष वरच्यांच्या बाथरूममधून आमच्या बेडरूममध्ये पाणी झिरपतंय. ते म्हणतात सोसायटीने करावं, सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही बघा. वरच्या आजींशी आमचं इतकं छान होतं, आता बोलणं बंद आहे. मला घर विकावंसं वाटतंय.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ओल फक्त भिंतीत नाहीये हे कळतंय.

आधी नियम: गच्चीची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाईपची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, घरातल्या बाथरूम-सिंकमुळे होणारी गळती ज्याच्या घरातून होते त्याच्या खर्चाने. त्यामुळे भांडण खरं तर "पाणी नेमकं कुठून येतंय" एवढंच आहे आणि ते भांडून नाही, तपासून कळतं. एखादा स्वतंत्र प्लंबर किंवा इंजिनिअर आणा, त्याची फी तुम्ही, वरचे आणि सोसायटी तिघांनी मिळून द्या, आणि तो जे सांगेल ते तिघांनाही मान्य असं आधीच कागदावर लिहून घ्या. रंगीत पाणी टाकून किंवा ट्रॅप म्हणजे फरशीतलं पाणी जायचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवलं की बहुतेक वेळा लवकर उलगडा होतो. कमिटीने यात हात झटकू नयेत, वरच्या घरात तपासणीला प्रवेश मिळवून देणं हे त्यांचं काम आहे, तसं त्यांना लेखी द्या. तरीही हलले नाहीत तर सहकार न्यायालय आहे, पण तो रस्ता लांबचा.

आणि आजी. त्या बहुधा खर्चाला घाबरल्यात. बाथरूम फोडून परत करायचं म्हणजे एकट्या बाईला केवढा डोंगर वाटतो, मजूर घरात, आठवडाभर आंघोळीची सोय नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये असंच झालं होतं, खालच्यांनी शेवटी एवढंच म्हटलं की काम होईस्तोवर तुम्ही आमचं बाथरूम वापरा आणि गवंड्यावर लक्ष आम्ही ठेवतो, आणि सहा महिने अडलेलं काम नऊ दिवसांत झालं. पैसे त्यांचे त्यांनीच दिले. तुम्ही तसं एकदा विचारून बघाल का? घर विकायचा निर्णय त्यानंतर घ्या.

प्रश्न : टोकन देण्याआधी घर किती वेळा बघावं?

निदान चारदा, आणि एकदाही एजंटबरोबर नाही. एकदा पाणी येतं त्या वेळेला, एकदा रात्री दहानंतर, एकदा रविवारी सकाळी, आणि जमलं तर जोराचा पाऊस पडून गेल्यावर लगेच. पावसानंतर वरच्या मजल्याचं छत आणि जिन्याच्या भिंती बघा, ताजा रंग फक्त एकाच कोपऱ्यात असेल तर का ते विचारा. मीटरच्या खोलीत डोकवा. गच्चीवर जा, किल्ली कुणाकडे असते ते विचारा, आणि किल्ली मिळाली की पाण्याच्या टाकीचं झाकण जागेवर आहे का आणि टाकी शेवटची कधी धुतली ते बघून या.